वळून बघण्याचे चार सेकंद

मालिकांची टायटलं बनवणं हा माझा धंदा आहे. ज्या वेळात लोक चहा टाकायला, रिमोट शोधायला किंवा मोरीकडे जायला उठतात, नेमकी त्याच वेळात माझी कला पडद्यावर चालू असते, हे मी लग्नाआधीच बायकोला सांगून टाकलं होतं. उगाच नंतर फसवलं म्हणायला नको. पंचेचाळीस सेकंदांचा मामला असतो. त्यात मालिकेचं नाव, गाणं आणि आठ-नऊ माणसं कोंबायची, म्हणजे एकेकाच्या वाट्याला चार सेकंद आले तरी डोक्यावरून पाणी. तेवढ्यात बघणाऱ्याला कळायला हवं की ही बाई सोशिक आहे, हा दीर आतल्या गाठीचा आहे आणि आजोबा तोंडानं फटकळ असले तरी मनानं लोणी आहेत.

बोलायची सोय नसते, म्हणून सगळे वळतात. तुमच्या लक्षात आलं असेल, टायटलमध्ये कुणी सरळ समोरून येत नाही. जो तो पाठमोरा असतो आणि कुणीतरी हाक मारल्यासारखा आपल्याकडे वळतो. चटकन वळला तर भोळा, सावकाश वळला तर कारस्थानी, आणि आधी मान वळून मग डोळे वळले तर तो चौथ्या महिन्यात कुणाच्या तरी दुधात काहीतरी कालवणार, हे धरून चाला. पिवळट उजेड टाकला की तोच माणूस प्रेमळ होतो, निळसर टाकला की त्याच्याबद्दल शंका येऊ लागते. बिचाऱ्यानं दोन्ही वेळा फक्त मान वळवलेली असते.

गेल्या वर्षीची ती मालिका आली तेव्हा माझ्या हातात चार दिवस होते. निर्माता म्हणाला, "घरगुती गोष्ट आहे, तर काहीतरी घरातलंच दे." मी अक्षरशः घरातलं दिलं. आमच्या धंद्यात लकबी सगळेच उचलतात, पण शहाणा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उचलतो, स्वतःच्या घरात हात घालत नाही. मला वेळ नव्हता, दुसरं काही नाही.

आमच्या घरात माणसं चार. बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. सासरे आमच्याकडेच असतात. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही म्हणतो. वजनंमापं तपासण्याच्या खात्यातून ते निवृत्त झाले, पण हात अजून निवृत्त झालेला नाही; दुधाची पिशवी नुसती तळहातावर तोलून "दहा कमी" असं ते पुटपुटतात आणि मग दिवसभर त्या दूधवाल्याचा उद्धार चालतो. मुलगी नऊ वर्षांची, तिला बारकी म्हणतात. आणि चौथा मी, अकरा वर्षं या घरात राहूनही साखरेचा डबा न सापडणारा.

नाना पेपर खाली करत, चष्मा कपाळावर चढवत, आलेल्या माणसाला नजरेनं तोलत आणि "हं" करून पुन्हा पेपरामागे जात. ते मी उचललं. बारकी मोजे घालून फरशीवरून घसरत खोलीत येते, तेही उचललं. आणि बायकोची सवय अशी की संध्याकाळी मी किल्लीनं दार उघडलं की इस्त्रीनं भाजलेला घरातला झगा घालून ओट्याशी उभी असलेली ती खांद्यावरून मागे वळून बघे. त्यात प्रेमबिम काही नसे. आलाय तो तोच आहे ना, अशी खात्री करून घेतल्यासारखी ती एकदा नीट बघे आणि परत कांद्याकडे वळे. स्वतःचा नवरा स्वतःच्या किल्लीनं आत येतो त्यात एवढं तपासायचं काय, असं मला कधीकधी वाटे, पण दिवसभर माणसं तपासून डोळ्यांना वळण पडलं असेल म्हणून मी सोडून देई.

पडद्यावर यातलं जसंच्या तसं चालत नाही, थोडी डागडुजी करावी लागते. नानांच्या "हं"च्या जागी मी आजोबांना मिस्कील हसायला लावलं. बारकीच्या घसरण्याच्या शेवटी मिठी जोडली. आणि मालिकेच्या नायिकेला बायकोसारखाच झगा देऊन सांगितलं की वळल्यावर एक क्षण काहीच करू नका, मग हसू येऊ द्या, जणू हा माणूस येईल असं वाटलं नव्हतं आणि आला. बाई तयारीची होती. तिनं ते असं केलं की कॅमेरावाल्यानं दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखी मान खाली घातली. शंभर फ्रेम, बरोबर चार सेकंद. चॅनेलच्या बाईंनी ते बघून "घर वाटतंय हो" असं म्हटलं.

मालिका एका सोमवारी सुरू झाली. मंगळवारी संध्याकाळी मी घरी आलो तर नानांनी पेपर खाली केला, चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे बघितलं आणि हसले.

मी जागीच थांबलो. निवृत्तीच्या निरोप समारंभात नाना एकदा हसले होते असं ऐकून होतो, पण त्यालाही पुरावा नव्हता. मला वाटलं, रक्तदाब वाढला. मी "बरं वाटतंय ना?" असं विचारेपर्यंत पेपर परत वर गेला होता आणि पेपरामागून नेहमीचा आवाज आला, "दार लावा, माश्या येतात."

बुधवारी पुन्हा तेच. तेवढ्यात बारकी घसरत आली ती थेट माझ्या पोटावर आदळली आणि तिनं मिठी मारली. गुरुवारी बायको ओट्याशी होती. ती वळली, क्षणभर तिनं काहीच केलं नाही आणि मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. मी इतका बावरलो की हातातली किल्ली खाली पडली. किल्ली उचलून वर बघतो तर ती कांदा चिरत होती.

थट्टा चालली आहे, हे उघड होतं. सगळ्यांनी मिळून टायटल बघितलं, आपापल्या लकबी ओळखल्या आणि आता माझी फिरकी घेताहेत. जेवताना मी विषय काढला.

"माझं नवीन टायटल बघितलंत वाटतं."

"कुठलं?" बायकोनं विचारलं.

"त्या नव्या मालिकेचं."

"सात वाजता नानांच्या बातम्या असतात," ती म्हणाली. "त्यांच्या हातून रिमोट काढून घ्यायची हिंमत आहे कुणाची?"

हे खरं होतं. सात ते आठ आमच्या घरात जगातल्या सगळ्या सरकारांची हजेरी घेतली जाते, तिथं मालिकेला थारा नाही. मग मी गुपचूप फोनवर वेळ लावून बघू लागलो. नानांचं हसू चार सेकंद, बारकीचं घसरणं मिठीसकट चार सेकंद, बायकोचं वळणं चार सेकंद; एखाद्या दिवशीही साडेतीन नाहीत की पाच नाहीत. आणखी एक गोष्ट मला नंतर दिसली. ओट्यामागे खिडकी आहे, त्यामुळे बायको माझ्याकडे वळली की तिचा चेहरा अंधारात असायला हवा. पण उजेड तिच्या चेहऱ्यावर समोरून पडे, पिवळट, दुपार उतरतानाचा. समोर तर मी उभा असे, आणि माझ्यामागे जिन्याचा अंधार.

घाबरायला हवं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मला ते आवडत होतं. सांगायला लाज वाटते, पण अकरा वर्षं संध्याकाळी घरात शिरताना मी चपला बघत होतो, टपाल बघत होतो, आता ते चार सेकंद मिळावेत म्हणून मी धावतपळत घरी येऊ लागलो. किल्ली कुलपात फिरवताना छाती धडधडायची. बायकोच्या प्रेमात पडायला लग्नानंतर अकरा वर्षं लागावीत आणि त्यालाही कॅमेरा लागावा, यात माझा मोठेपणा काही नाही, पण पडलो हे खरं.

त्यात चॅनेलकडून निरोप आला की गोष्टीत आजोबांना दुःख होणार आहे, टायटलमध्ये जरा सूचना द्या. मी आजोबांचा शॉट निम्म्या वेगानं चालवला, रंग थोडा निळा केला, मागे पियानोचे दोन सूर टाकले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांनी पेपर खाली केला आणि आठ सेकंद माझ्याकडे बघत राहिले. डोळे भरलेले होते.

"नाना, काय झालं?"

"कुठं काय?" ते म्हणाले. "दार लावा."

मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी जाऊन मी काहीतरी तांत्रिक बिघाडाचं निमित्त सांगितलं आणि आजोबांना परत हसतं केलं. एवढ्यावर हात आवरता तर बरं होतं, पण माकडाच्या हाती कोलीत आलं होतं. त्याच आठवड्यात मी मालिकेतल्या मुलीच्या हातात एक पुस्तक दिलं आणि तिमाहीत बारकीला गणितात पहिल्यांदाच पैकीच्या पैकी मिळाले. शाळेतून बाईंचा फोन आला की घरी काय उपाय केलात. मी म्हटलं, लक्ष देतो थोडं.

बायकोच्या शॉटला मात्र मी हात लावला नाही. एक फ्रेमसुद्धा इकडची तिकडे केली नाही.

आठव्या महिन्यात नायिकेचं निर्मात्याशी वाजलं आणि ती मालिका सोडून गेली. सोमवारी बैठक बोलावली. लेखक डोळे मिटून म्हणाला, "मारून टाकू. अपघात. तीन आठवडे रडारड, आकडे वर जातील." चॅनेलच्या बाईंनी मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गुरुवारपर्यंत टायटलमधून तिचे चार सेकंद काढून टाका."

मी उठून उभाच राहिलो. "मारू नका," मी म्हणालो, आणि माझा आवाज इतका चिरकला की लेखकानं डोळे उघडले.

"तुम्हाला काय फरक पडतो?" निर्मात्यानं विचारलं.

मला पडणारा फरक मी त्यांना सांगू शकत नव्हतो. शॉट पूर्ण काढला तर संध्याकाळी दार उघडल्यावर ओट्याशी काय दिसेल, याचा विचारही मला करवत नव्हता. म्हणून मी भाषण ठोकलं. आयुष्यात एवढं बोललो नसेन. म्हटलं, लोक नटीवर प्रेम करत नाहीत, त्या वळण्यावर करतात. तेच स्वयंपाकघर ठेवा, तोच झगा, तोच उजेड, तेच वळणं. बाई दुसरी आणा. दोन-चार दिवस लोक कुरकुर करतील आणि विसरतील. आजवर किती मालिकांत नवरे बदलले, सासवा बदलल्या, घरात कुणी ब्र काढला का? सगळे आपापली भांडणं तिथूनच पुढे चालू ठेवतात.

मग चॅनेलच्या बाई म्हणाल्या, "मुद्दा आहे." लेखकानं नाराजीनं अपघात वहीत खोडला. माझा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन मी जिन्यात बसलो आणि दोन मिनिटं नुसता श्वास घेतला. शॉट राहणार होता. बायको वाचली होती.

गुरुवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी मी तिच्याकडे बघत बसलो होतो. ती अंडं सोलत होती, केस अजून ओले होते आणि नाकावर कालच्या चष्म्याच्या फ्रेमचा बारीकसा वण होता.

"असा काय बघतोस?" तिनं विचारलं.

"काही नाही. सहज."

"सहज बघणारा माणूस आठ महिने सहज बघत नाही," ती म्हणाली. "दुकानात ये एकदा. डोळे तपासून देते." मग सोललेलं अंडं तिनं माझ्या ताटलीत ठेवलं, पर्स उचलली आणि गेली. मी तिला थांबवायला हवं होतं. निदान दारापर्यंत तरी जायला हवं होतं.

नवी नटी वेळेवर आली. तिला मी सगळं समजावून सांगितलं, की वळा, क्षणभर थांबा, मग हसू. तिनं पहिल्याच खेपेला केलं आणि, खरं सांगायचं तर, आधीच्या बाईपेक्षा छान केलं. झगा तिला थोडा सैल होत होता, तो मागून चिमटे लावून बसवला. दुपारी मी शॉट लावला, शंभर फ्रेम मोजल्या, उजेड जुन्याशी जुळवला आणि तीन वाजता चॅनेलला पाठवून दिला. सातला ते टायटल लागलं. साडेसातला मी दार उघडलं.

ओट्याशी उभी असलेली बाई खांद्यावरून वळली, क्षणभर थांबली आणि हसली. ती माझी बायको नव्हती.

मी "माफ करा" म्हणून बाहेर आलो. मजला चुकला असणार. दारावरची पाटी वाचली. नाव आमचंच होतं. किल्लीकडे बघितलं, किल्लीही आमचीच. खाली जाऊन मी इमारत नीट बघितली, तळमजल्यापासून मजले मोजत परत वर आलो आणि पुन्हा दार उघडलं. ती पुन्हा वळली. चार सेकंद.

"काय रे, काही विसरलास का?" ती म्हणाली. ही सकाळची नटी नव्हती, त्या आधीचीही नव्हती. या बाईला मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. बायकोचा इस्त्रीनं भाजलेला झगा तिच्या अंगात होता आणि कमरेपाशी जरा सैल होत होता.

बारकी घसरत आली आणि तिनं त्या बाईला मिठी मारली.

"बारके, आई कुठंय?" मी विचारलं.

"ही काय," बारकी म्हणाली आणि पुस्तक घेऊन निघून गेली.

मी खिशातून फोन काढून बायकोचा नंबर लावला. ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी तिचा फोन वाजला. त्या बाईनं हात पुसले, नाव बघितलं आणि मनापासून हसली. "समोर उभा राहून फोन कसला करतोस? ये, हातपाय धू, जेवायला वाढते." तिचा स्वर चांगला होता. वाईट काही म्हणता येईल असं तिच्यात काहीच नव्हतं, आणि मला हंबरडा फोडावासा वाटत होता. मला माझी बायको हवी होती, ओल्या केसांची, मला तपासून बघणारी. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण बातम्यांचा आवाज बंद झाला.

नाना उठून आले. त्यांनी माझा दंड धरला आणि मला गॅलरीत नेऊन खुर्चीत बसवलं. चष्मा त्यांच्या नाकावरच होता आणि ते हसत नव्हते.

"ओरडू नका, जावईबापू. पोरगी घाबरते."

"नाना, ही तुमची मुलगी आहे?"

त्यांनी दारातून आत बघितलं. ती बाई ताटं मांडत होती आणि कुठलं ताट कुणाचं हे बारकीला हळूच विचारत होती.

"नाही," ते म्हणाले.

"मग तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं." मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, असा त्यांनी कधी ठेवला नव्हता.

"चला, दोन घास खाऊन घ्या. आधीचे जावई गेले आणि त्यांच्या जागी तुम्ही आलात, तेव्हा माझ्या मुलीनं दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी जेवली."